विजार आणि मर्यादा

इसवी सन ८६६ च्या उन्हाळ्यांत बल्गेरियाचा राजा बोरिस यानें रोमला पोपकडे आपले वकील पाठविले. बोरिसाचा बाप्तिस्मा होऊन त्या वेळीं दोन-एक वर्षेंच झालीं होतीं. त्याच्या प्रजेला नव्या धर्माची दीक्षा दिली ती कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या ग्रीक पाद्र्यांनीं. आणि या पाद्र्यांनीं दीक्षेबरोबर विधिनिषेधांचें एवढें मोठें गाठोडें त्या घोडेस्वार लोकांच्या माथीं मारलें कीं, त्यांतला धर्म कोणता आणि ग्रीकांची नुसती रीत कोणती हें त्यांना उमजेनासें झालें. बुधवारीं आणि शुक्रवारीं स्नान करावें कीं नाहीं? युद्धांत निशाण म्हणून घोड्याचें शेपूट न्यावें कीं नाहीं? डोक्याला फेटा गुंडाळून देवळांत शिरतां येईल काय? अशा नाना शंका एकत्र करून बोरिसानें त्या पोप पहिला निकोलस याच्यापुढें ठेविल्या. निकोलसाचें उत्तर आजहि उपलब्ध आहे. त्यांत १०६ कलमें असून त्यांतलें एक कलम विजारीविषयीं आहे. बल्गेर लोकांत पुरुषांप्रमाणें स्त्रियाहि विजार घालीत. नव्या धर्मांत ती चालेल काय, असा प्रश्न होता.

निकोलसाच्या मतें हा प्रश्न विचारण्याचें कारणच नव्हतें. धर्म बदलावयास निघाला आहे तो अंतरींचा माणूस. त्याचा बाहेरचा पोशाख बदलावा अशी रोमची इच्छा नाहीं. शास्त्रांत विजार शिवण्याची आज्ञा सांपडते ती पुरुषांसाठीं, स्त्रियांसाठीं नव्हे, हें त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. परंतु राजानें किंवा त्याच्या राज्यांतील स्त्रियांनीं विजार वापरल्यानें तारणाला बाध येत नाहीं आणि टाकून दिल्यानें सद्गुणांत भर पडत नाहीं, असा निर्णय देऊन त्यानें तो विषय ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडला. जातां जातां, वासनेला आवर घालणें ही खरी विजार, असा एक आध्यात्मिक अर्थहि त्यानें जोडून दिला. निकोलस हा कांहीं मवाळ मनुष्य नव्हता. फेटा काढूनच देवळांत यावें, असें त्यानें याच पत्रांत बजाविलें. दोन बायका करतां येणार नाहींत हेंहि सांगितलें. आणि चोराला मारहाण करून त्याच्याकडून कबुली घेण्याची चाल तर त्यानें देवाच्या आणि माणसाच्याहि कायद्याविरुद्ध ठरविली. जेथें त्याला धर्म दिसला तेथें तो कठोर झाला. विजारींत त्याला धर्म दिसला नाहीं.

या उत्तराला साडेअकराशें वर्षें होऊन गेलीं. तरीहि ख्रिस्ती स्त्रीनें विजार घालावी कीं घालूं नये, हा वाद मिटलेला नाहीं. अमेरिकेंतील युनायटेड पेंटेकॉस्टल चर्चसारख्या पंथांत स्त्रीनें विजार न घालणें हें पवित्र आचरणाचें एक लक्षण मानलें जातें. आफ्रिकेंतील कित्येक मंडळ्यांतहि हीच शिकवण आहे. ज्या घरांतल्या मुली नोकरीस जातात, दुचाकीवर बसतात, इस्पितळांत रात्रपाळी करितात, तेथें हा वाद नुसत्या कापडाचा राहत नाहीं. आईच्या शब्दाचा, मंडळीच्या वडिलांच्या अधिकाराचा आणि मुलीच्या सदसद्विवेकबुद्धीचा होऊन बसतो. म्हणून त्याला आधार काय, हें मुळापासून पाहणें इष्ट आहे.

आधार म्हणून जें वचन पुढें करण्यांत येतें, तें जुन्या करारांतील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायांतलें पांचवें वचन होय. स्त्रीनें पुरुषाचा आणि पुरुषानें स्त्रीचा वेष करूं नये, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ केला जातो. वचन वरवर स्पष्ट दिसतें. परंतु मूळ हिब्रूंत पाहूं गेल्यास त्याच्या दोन भागांत एकच शब्द नाहीं. पुरुषानें स्त्रीचें जें अंगावर घालावयाचें नाहीं, त्याला साधा ‘वस्त्र’ याच अर्थाचा शब्द आहे. स्त्रीनें पुरुषाचें जें घालावयाचें नाहीं, त्याला मात्र भांडें, अवजार, हत्यार, सरंजाम असे अनेक अर्थ असलेला शब्द योजिला आहे. यहुदी पंडितांपैकीं कांहींनीं त्याचा अर्थ शस्त्र असाच घेतला. ओंकेलोसाच्या अरामी भाषांतरांत तो तसा उघड आहे. आणि स्त्रीनें शस्त्रें बांधून लढाईस जाऊं नये एवढेंच येथें सांगावयाचें आहे, असें एका आचार्याचें मत तालमुदांत दिलें आहे. मध्ययुगीन भाष्यकार राशी यानें निराळा अर्थ लाविला. पुरुषांच्या घोळक्यांत मिसळून अनाचार करण्यासाठीं स्त्रीनें पुरुषासारखें दिसूं नये, असा त्याचा अभिप्राय. म्हणजे एकानें शस्त्र पाहिलें, दुसऱ्यानें फसवणूक पाहिली. कपड्याचा बेत कसा असावा हा मुद्दा दोघांनाहि गौण वाटला.

याच अध्यायांत आणखीहि आज्ञा आहेत. घरट्यांतून पिलें घेतांना पक्षिणीला सोडून द्यावें. नव्या घराच्या धाब्याला कठडा करावा. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपूं नयेत. लोकर आणि ताग मिसळून विणलेलें कापड अंगावर घालूं नये. यांपैकीं कठड्याची आज्ञा कोणत्याहि नगरपालिकेला पटेल. परंतु पांचवें वचन व्यासपीठावरून मोठ्या आवाजांत वाचणाऱ्या उपदेशकाच्या कोटाच्या कापडांत काय काय मिसळलें आहे, याची चौकशी कोणी अकराव्या वचनाच्या आधारें केल्याचें ऐकिवांत नाहीं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, मोशेच्या काळच्या इस्राएल लोकांत सामान्य पुरुषहि विजार घालीत नसत. झगा आणि त्यावर पांघरावयाचें वस्त्र, हाच स्त्रीपुरुष दोघांचा पोशाख. रोमन लोक तर विजारीकडे तुच्छतेनेंच पाहत. विजार म्हणजे इराणी आणि गॉल यांचें रानटी लेणें, अशी त्यांची समजूत होती. ती इतकी पक्की कीं, चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट होनोरियस याच्या राज्यांत खुद्द रोम शहरांत विजार घालण्यास कायद्यानें मनाई झाली. होनोरियस ख्रिस्ती होता, आणि त्याच्या कायद्याचा रोंख होता तो पुरुषांवर! पवित्र शास्त्रांत विजार शिवण्याची जी आज्ञा निकोलसानें नमूद केली, ती ‘निर्गम’ या पुस्तकांत याजकांना दिलेली आहे. वेदीपाशीं सेवा करितांना त्यांची नग्नता दिसूं नये म्हणून त्यांनीं कमरेपासून मांड्यांपर्यंत येणारे तागाचे चोळणे घालावे, असें तेथें सांगितलें आहे. तेव्हां बायबलांत विजार प्रथम आली ती लज्जारक्षणासाठीं आली, हें विसरतां येत नाहीं.

कोणतें वस्त्र पुरुषी आणि कोणतें बायकी हें देशरिवाजावर कसें अवलंबून असतें, तें मराठी माणसाला निराळें समजावून सांगावयास नको. नऊवारी लुगड्याचा कासोटा दोन पायांमधून मागें जातो. पायांपुरतें पाहिलें तर तें दुभंगलेलेंच वस्त्र. तरी जुन्या घरांत कासोट्याचें लुगडें हेंच घरंदाजपणाचें लक्षण होतें, देवकार्याला तेंच लागे. आणि पांचवारी गोल पातळ नेसून सुना बाहेर पडूं लागल्या तेव्हां कपाळाला आठ्या पडल्या त्या त्यांच्या सासवांच्याच. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती स्त्रिया तर कासोट्याचें लुगडें नेसून मिस्सेला जात आल्या. त्यांना पुरुषवेषधारी म्हणण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. पंजाबांतील ख्रिस्ती स्त्री सलवार घालून प्रार्थनेस बसते. जुन्या चीनमध्यें शेतांत राबणारी बाई विजार घाली, आणि विद्वान् पुरुष पायघोळ झगा घालून मिरवी. पुरुषाला विजार आणि स्त्रीला घागरा हाच ईश्वरी नेम, असें कोणी तेथें जाऊन सांगितलें असतें, तर सारे पंडित बायकी ठरले असते आणि त्यांच्या मोलकरणी पुरुषी!

वस्त्रांविषयींची जी मोकळीक रोमनें बल्गेरियाला दिली, ती पुढें सर्वांना मिळाली असें मात्र नाहीं. गोव्यांत इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानानें तद्देशीय ख्रिस्ती पुरुषांना पुडवें नेसण्याची आणि स्त्रियांना हिंदु पद्धतीची चोळी घालण्याची बंदी झाली, अ. का. प्रियोळकरांनीं गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथांत हा इतिहास दिला आहे. चोळी ही अंग झांकणारीच. मर्यादेच्या दृष्टीनें तिच्यांत खोड काढावयास जागा नव्हती. तिचा दोष एवढाच कीं, ती शेजारच्या हिंदु स्त्रियांच्याहि अंगांत होती. उलट, १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतल्यावरहि पंडिता रमाबाईंनीं आपलें पांढरें वस्त्र सोडलें नाहीं. त्यांच्या ख्रिस्तीपणांत त्यामुळें कांहीं उणें पडलें, असें त्यांचें चरित्र वाचणारा कोणी म्हणणार नाहीं.

मग ख्रिस्ती धर्मांत स्त्रीच्या मर्यादेविषयीं कांहींच सांगितलेलें नाहीं काय? सांगितलेलें आहे, आणि तें चांगलें कडक आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत आणि पेत्राच्या पहिल्या पत्रांत स्त्रियांच्या शृंगाराचा विषय आला आहे. परंतु तेथें निषेध कशाचा आहे तें नीट पाहिलें पाहिजे. गुंफलेले केंस, सोनें, मोतीं आणि मूल्यवान् वस्त्रें यांचा तो निषेध आहे. त्या काळच्या रोमन साम्राज्यांत मोतीं म्हणजे काय चीज होती, याची कल्पना प्लिनीच्या लिखाणावरून येते. लोलिया पाउलिना नांवाची एक मोठ्या घराण्यांतली स्त्री साध्या वाङ्निश्चयाच्या जेवणाला चार कोटि सेस्टर्शियस किंमतीचीं मोतीं आणि पाचू अंगावर घालून आली होती, आणि कोणी विचारलेंच तर पावत्या दाखविण्याचीहि तिची तयारी होती, असें तो लिहितो. ज्या मंडळींत गुलाम आणि धनीण एकाच भाकरीचे वाटेकरी व्हावयाचे, तेथें धनिणीनें असें लखलखत येणें हें गरिबाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यापेक्षांहि वाईट, तें त्याला त्याची जागा दाखविणें होतें. प्रेषितांच्या मर्यादेचा अर्थ असा होता. तिचा संबंध अंग किती झांकलें याच्याशीं होता त्याहून अधिक संपत्तीचें प्रदर्शन किती मांडलें याच्याशीं होता.

ही गोष्ट पुष्कळ ठिकाणीं सोयीस्करपणें बाजूला राहते. एखाद्या लग्नांत वधू सोन्यानें मढून वेदीपुढें उभी राहते आणि पाद्रीसाहेब संतोषानें आशीर्वाद देतात. त्याच देवळांत कामावरून परस्पर आलेली परिचारिका विजार घालून मागच्या बांकावर बसली तर तिला बाहेर बोलावून उपदेश करण्यांत येतो. केरळांतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांनीं मात्र येथें सुसंगति राखली आहे, हें कबूल करणें भाग आहे. तेथील कित्येक ख्रिस्ती स्त्रिया लग्नांतहि सोन्याचा दागिना अंगावर घालीत नाहींत. प्रेषितांचा शब्द त्यांनीं जसाच्या तसा उचलला आहे.

विजारीचा दोष ठेवून एका स्त्रीचा प्राण घेण्यांत आला, हें इतिहासांत नमूद आहे. जोन ऑफ आर्क ही शेतकऱ्याची मुलगी १४२९ सालीं फ्रान्सच्या राजपुत्राकडे निघाली ती पुरुषवेष करूनच. शत्रूच्या मुलखांतून घोड्यावरून जावयाचें, रात्रीं शिपायांच्या शेजारीं जमिनीवर पाठ टेकावयाची. दुसरा वेष शक्यच नव्हता. प्वातिए येथें धर्मपंडितांनीं तिची कसून परीक्षा घेतली आणि तिच्यांत वाईट कांहीं आढळत नाहीं असा निर्वाळा दिला. तिचा वेष त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. पुढें १४३० सालीं ती शत्रूच्या हातीं सांपडली. आणि १४३१ सालीं रूआं येथें बिशप कोशों याच्या अध्यक्षतेखालीं तिच्यावर पाखंडाचा खटला झाला, तेव्हां तोच वेष मोठा गुन्हा ठरला.

न्यायाधीशांच्या बाजूला धर्मकायदा अगदींच नव्हता असें नाहीं. चौथ्या शतकांत गंग्रा येथील धर्मसभेनें वैराग्याच्या नांवाखालीं पुरुषवेष धारण करणाऱ्या स्त्रियांना बहिष्कृत ठरविलें होतें. या स्त्रिया विवाहाला अपवित्र मानणाऱ्या एका पंथाच्या नादीं लागल्या होत्या. नवरे आणि मुलें सोडून जाण्याची साथच पसरली होती, आणि सभेचा खरा राग त्यावर होता. पुढें टॉमस अक्विनस यानें हा विषय अधिक विवेकानें हाताळला. परलिंगाचा वेष करणें हें सामान्यतः दोषास्पद. परंतु शत्रूपासून लपण्यासाठीं, दुसरें वस्त्र नसल्यामुळें, किंवा तशाच निकडीच्या कारणासाठीं तो केल्यास पाप नाहीं, असें त्यानें लिहून ठेविलें. रूआंच्या न्यायाधीशांना अक्विनस ठाऊक नव्हता असें म्हणणें कठीण आहे.

जोनची निकड काय होती? धर्मन्यायालयाच्या कैदी स्त्रीला धर्मसंस्थेच्या तुरुंगांत, स्त्रियांच्या देखरेखीखालीं ठेवावयास हवें होतें. तिला ठेविलें होतें किल्ल्यांतल्या कोठडींत, पायांत बेड्या घालून, इंग्रज शिपायांच्या पहाऱ्यांत. तिची विजार अंगरख्याला नाड्यांनीं आवळून बांधलेली असे. त्या कोठडींत तेवढेंच तिचें कवच होतें, असें पुढें चौकशींत साक्षीदारांनीं सांगितलें. मिस्सा ऐकावयाची असेल तर बायकी झगा घाल, असा तिच्यापुढें पेंच टाकण्यांत आला. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीला मिस्सेची ओढ किती होती हें त्या खटल्याच्या पानापानांवर दिसतें. देवळांत जाण्यापुरता लांब झगा द्यावा, परत आल्यावर पुन्हा हाच वेष करीन, असेंहि तिनें म्हणून पाहिलें. वस्त्र ही क्षुल्लक बाब आहे, असें ती न्यायाधीशांना सांगत राहिली. न्यायाधीश मात्र त्या क्षुल्लक बाबीला धरून बसले.

२४ मे रोजीं चितेच्या धाकानें तिनें माफीनाम्यावर खूण केली आणि बायकी वस्त्र घातलें. चार दिवसांनीं न्यायाधीश कोठडींत गेले तों ती पुन्हा पुरुषवेषांत! आपण ऐकलेले आवाज खरे होते, असेंहि तिनें पुन्हा सांगितलें. मग तिला ‘पतित’ ठरविण्यास उशीर लागला नाहीं, आणि ३० मे १४३१ रोजीं तिला जिवंत जाळण्यांत आलें. वेष पुन्हा कां बदलला याची चौकशी पंचवीस वर्षांनीं झाली. पहारेकऱ्यांनीं तिचा झगा काढून घेऊन पुरुषाचे कपडेच तिच्यापुढें टाकले होते, असें एका साक्षीदारानें सांगितलें. तिच्या अब्रूवर घाला घालण्याचा प्रयत्न झाला होता, असें दुसऱ्यांनीं सांगितलें. १४५६ सालीं तो निकाल रद्द झाला, आणि १९२० सालीं त्याच धर्मसंस्थेनें जोनला संतपद दिलें. न्यायाधीशांच्या दृष्टीनें ज्या वस्त्रानें मर्यादा मोडली, त्याच वस्त्रानें ती तिची मर्यादा राखीत होती. निकोलसाचें पत्र त्या वेळीं साडेपांचशें वर्षांचें जुनें होतें. विजारीवरचें कलमहि त्यांत होतें आणि कबुलीवरचेंहि.

एकोणिसाव्या शतकांतल्या अमेरिकेचा वाद त्या मानानें हंसण्याखेळण्याचा होता. १८५१ सालीं सेनेका फॉल्स गांवच्या अमेलिया ब्लूमर बाईंनीं आपल्या ‘लिली’ पत्रांतून, आंखूड झग्याखालीं तुर्की पद्धतीची सैल विजार घालण्याचा पुरस्कार केला. रस्ते झाडीत जाणारा घोळदार घागरा आणि बरगड्या आवळणारी काचोळी यांपेक्षां हा पोशाख आरोग्याला बरा आणि अंगहि अधिक झांकणारा. उपदेशकांनीं मोशेचें वचन पुढें केलें. तेव्हां अंजिराच्या पानांचीं वस्त्रें करितांना आदाम आणि हव्वा यांच्या कपड्यांत कांहीं फरक केलेला ‘उत्पत्ति’ पुस्तकांत दिसत नाहीं, याकडे बाईंनीं बोट दाखविलें. चेष्टेला कंटाळून तो पोशाख थोड्याच वर्षांत मागें पडला.

या वादांत विजारीविरुद्ध सर्वांत विचारपूर्वक लेखणी उचलली ती जिनोआचे कार्डिनल ज्युसेपे सीरी यांनीं. १२ जून १९६० रोजीं त्यांनीं आपल्या धर्मप्रांतांतील पाद्री, शिक्षिका आणि धर्मकार्यांत पडलेल्या मंडळींसाठीं एक पत्रक काढलें. त्यांची पहिलीच कबुली लक्षांत ठेवण्यासारखी आहे. नुसतें अंग झांकण्याचाच विचार केला तर विजार ही त्या काळच्या घागऱ्यांपेक्षां अधिक झांकते. म्हणून तंग विजार सोडल्यास केवळ तेवढ्यावरून तिला अमर्याद म्हणतां येत नाहीं, असें त्यांनीं सरळ लिहिलें. त्यांचा आक्षेप दुसराच होता. पुरुषाचा वेष घेतल्यानें स्त्रीच्या मनाची घडण बदलते. स्त्रीपुरुषांतल्या परस्परसंबंधांतला नैसर्गिक भेद पुसट होतो. आणि मुलांच्या नजरेंतील आईची प्रतिष्ठा उणावते, असे त्यांचे तीन मुद्दे.

सीरी यांची तळमळ खरी होती. परंतु वस्त्रानें मन बदलतें असें मानावयाचें तर तें जगांत सर्वत्र सारखें बदललें पाहिजे. पंजाबी आईच्या पायांत सलवार आहे म्हणून तिच्या मुलांनीं तिला आई मानण्यांत कसूर केल्याचें दिसत नाहीं. जिनोआंतल्या मुलाला आईची विजार खटकली असेल तर ती नवी होती म्हणून. त्याच्या मुलाला ती खटकली नाहीं. शिवाय, मर्यादेचा मुद्दा सोडून दिल्यावर खालीं उरतो तो घरांतल्या आणि समाजांतल्या अधिकाराचा मुद्दा. त्यावर वाद घालणें रास्त आहे. परंतु तो त्याच नांवानें घालावा, मर्यादेच्या नांवानें नव्हे.

दुसऱ्या बाजूलाहि अन्याय होऊं नये. आपण जगापासून वेगळ्या आहोंत याची खूण म्हणून, किंवा प्रार्थनेच्या जीवनाला शोभतें म्हणून लांब झगाच घालणाऱ्या स्त्रिया आजहि पुष्कळ आहेत; त्यांत शिकलेल्या आहेत, तरुण आहेत. त्यांना मागासलेल्या म्हणून हिणविणें हा असभ्यपणा होय. निकोलसाचें उत्तर दोहों बाजूंनीं लागूं पडतें. विजार घातल्यानें तारण जात नसेल तर न घातल्यानें बुद्धिहि जात नाहीं. एखादी स्त्री आपल्या मनानें व्रत घेते तेव्हां त्यांत दुसऱ्यानें पडण्याचें कारण नाहीं. मात्र तेंच व्रत सोळा वर्षांच्या मुलीवर नरकाचें भय घालून लादलें, कीं तें व्रत राहत नाहीं. आणि त्याच्या पाठीमागें शिपाई उभा राहिला, कीं त्याचें काय होतें तें आफ्रिकेंत दिसून आलें.

२०१५ च्या जूनमध्यें सुदानच्या राजधानीजवळ एका बॅप्टिस्ट देवळांतून बाहेर पडणाऱ्या दहा-बारा ख्रिस्ती तरुणींना पोलिसांनीं पकडलें. कोणाच्या अंगावर विजार होती, कोणाच्या अंगावर झगा. फौजदारी कायद्याच्या १५२ व्या कलमान्वयें असभ्य पोशाखाबद्दल चाळीस फटक्यांपर्यंत शिक्षा देतां येत असे. देशोदेशींच्या ख्रिस्ती लोकांनीं या अटकेचा निषेध केला, आणि तो योग्यच होता. लष्करी राजवट कोसळल्यावर २०१९ सालीं ज्या कायद्यांखालीं स्त्रियांच्या कपड्यांवर पोलीस पाळत ठेवीत ते मोडून काढण्यास तेथील नव्या सरकारनें आरंभ केला.

परंतु तोच कायदा निराळ्या शब्दांत एका ख्रिस्ती देशांतहि होता, आणि तो एका ख्रिस्ती राज्यकर्त्यानें केला होता. मलावीचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बंडा हे धंद्यानें डॉक्टर. स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्यें त्यांना वडीलपद मिळालेलें होतें. १९७३ च्या कायद्यानें त्यांनीं स्त्रियांना विजार आणि गुडघे उघडे टाकणारा झगा हे दोन्ही निषिद्ध केले. बाहेरून आलेल्या पाहुण्या स्त्रियांनाहि तो लागूं होता. लांब केंस राखलेले परदेशी तरुण आले तर विमानतळावरच त्यांच्या डोक्याला कात्री लागे. देशाचा चांगुलपणा पाश्चात्त्य स्वैराचारापासून वांचविण्यासाठीं हें सारें आवश्यक आहे, असें बंडा म्हणत. तें म्हणतांना स्वतः विलायती तीन तुकड्यांचा सूट आणि हॅट घालून ते सभेला येत.

बंडांची सत्ता १९९४ सालीं गेली. पोशाखाचा कायदा त्याच सुमारास रद्द झाला होता. मुली विजार घालूं लागल्या, शाळांत गेल्या, कचेऱ्यांत गेल्या. कायदा गेला तरी वीस वर्षें मनांत भरविलेली समजूत गेली नव्हती. २०१२ च्या जानेवारींत राजधानी लिलाँग्वे आणि इतर शहरांतल्या बाजारांत फेरीवाल्यांच्या टोळक्यांनीं विजार किंवा आंखूड झगा घातलेल्या स्त्रियांना भर रस्त्यांत अडवून मारहाण केली आणि त्यांचे कपडे फाडून त्यांना विवस्त्र केलें. मर्यादा राखण्यासाठीं आपण हें करीत आहोंत, असें त्यांच्यापैकीं कांहींचें म्हणणें होतें.

अध्यक्ष मुथारिका यांनीं या प्रकाराचा निषेध केला आणि स्त्रियांनीं काय घालावें हें ठरविण्याचा अधिकार त्यांचा आहे असें जाहीर केलें. पोलिसांनीं धरपकड केली. २० जानेवारीस ब्लँटायर शहरीं शेंकडों स्त्रिया निषेधासाठीं जमल्या. त्यांत उपाध्यक्षा जॉइस बंडा होत्या. पुष्कळ जणी त्या दिवशीं मुद्दाम विजार घालून आल्या होत्या.